खिंडीतल्या बाबाची माय

बोदाडीच्या डोंगराचा फेरा सोपा आहे, हे आधी सांगतो. पायवाट डोंगराला वळसा घालते, मागच्या अंगाला एका खिंडीतून थोडी वर चढते आणि दुसऱ्या बाजूनं उतरून जिथून निघाली तिथंच आणून सोडते. सकाळी निघालेला माणूस दुपार कलेपर्यंत परत येतो. दोन्ही बाजूंना सागाचं, धावड्याचं दाट रान आहे, त्यामुळे ऊनही फार लागत नाही. कॉलेजात मी हे सांगितलं तेव्हा सोबतचा एकजण म्हणाला, "मग लिहून काढ की. सहलीला जाता येईल." मी हो म्हणालो. लिहायला बसलो तेव्हा कळलं, की वाट सांगणं सोपं आहे, आम्ही तिथं कशासाठी गेलो ते सांगणं सोपं नाही. पण ते गाळून नुसती वाट सांगितली, तर ते खोटं होईल असं मला वाटतं.

माझं गाव मारेगावकडे, कपाशीच्या सपाट मुलखात. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला मीच पहिला. माझा मोठा भाऊ वामनदादा चौथीत शाळा सोडून मजुरीला लागला होता. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव आणि चांदीचे टाक कापडात बांधून नाल्याच्या डोहात सोडणारा तोच. आमचे बाबा गाठोडं धरून काठावरच उभे राहिले. दादानं गाठोडं त्यांच्या हातून घेतलं आणि म्हणाला, "आणा इकडं. इतके दिवस याईनं आपलं काय भलं केलं?"

मी यवतमाळला कॉलेजात गेलो त्या वर्षी दादा बोदाडीच्या रानात कुपावर, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, लाकूडतोडीला गेला. ठेकेदार तिकडे चांगली मजुरी देत होता. थंडीच्या सुरुवातीला त्याला वाघानं नेलं. बाबा जाऊन आले. जे सापडलं ते वर खिंडीत; त्याला तिथंच अग्नी देऊन आले, आणि त्यावर घरात पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. मायला कोणी नेलं नाही.

दोन वर्षं गेली. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो तर माय म्हणाली, "वामन देव झाला म्हणते लोक."

मारेगावच्या बाजारात एका बांगड्या भरणाऱ्या बाईनं तिला सांगितलं होतं. बोदाडीच्या खिंडीत एक बाबा आहे, कुपावर वाघानं मारलेला, नवसाला पावतो. दगडाला शेंदूर फासला आहे, लोक नारळ फोडतात.

"मले जाचं हाय तथी," माय म्हणाली. "शेंदूर पुसून टाकाचा हाय. मले देव नाही पायजे. पोरगा होता माहा, तो पोरगाच राहू दे."

बाबांनी तोंड फिरवलं, पण नको म्हणाले नाहीत. मायनं एका बाटलीत रॉकेल घेतलं, कारण तेलातला शेंदूर नुसत्या पाण्यानं निघत नाही. बाटलीला चिंधीचं बूच लावलं आणि भाकऱ्यांच्या शेजारीच पिशवीत ठेवली.

फाट्यापासून पोडापर्यंत

राळेगावकडे जाणाऱ्या एसटीनं आम्हाला फाट्यावर उतरवलं. तिथून बैलगाडीची वाट. एका अंगाला कपाशी फुटली होती, दुसऱ्या अंगाला कणसं धरलेली ज्वारी उभी होती. माय अनवाणी माझ्या पुढे चालत होती. मी नवे कॅनव्हासचे बूट घातले होते. सहलीला मुलं तसे बूट घालतात असं मी पाहिलं होतं. थोड्या वेळातच टाचा सोलवटल्या. गवताची कुसळं पायजम्यात घुसून टोचायला लागली. माय मागे वळून म्हणाली, "काढ ते बूट. पायाले पाय राहू दे."

डोंगर लांबून फार उंच दिसत नाही. एखादं जनावर पाय मुडपून बसावं तसा तो बसला आहे. सागाची पानं पिवळी पडायला लागली होती आणि शेंड्यांवर वाळके तुरे होते. सीताफळांची झाडं वाटेवरच, फळं डोळे उघडून पिकलेली. आम्ही दोन-चार खाल्ली. इतकी गोड सीताफळं मी कधी खाल्ली नव्हती, आणि त्या दिवशी ती गोड लागावीत याची मला लाज वाटली.

पायथ्याचं मोठं गाव डावीकडे सोडलं, की कोलामांचं पोड लागतं. कोलाम आपल्या वस्तीला पोड म्हणतात. बांबूच्या ताटव्यांच्या, शेणमातीनं लिंपलेल्या झोपड्या आणि मध्ये सगळ्यांची एक चावडी. आमच्या गावात कोणाचं घर कुठल्या दिशेला आहे त्यावरून त्याची जात कळते. इथं मला तसं काही ओळखता आलं नाही.

चावडीत एक म्हातारा बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. तो लेतूबाबा. दादाच्या टोळीत तोही लाकूडतोडीला होता, हे दादाच्या निरोपांतून आम्हाला माहीत होतं. मायनं नाव सांगितलं तसा त्याचा कोयता थांबला.

"वामनची माय?" तो म्हणाला. "लय दिवसानं आली जी."

"आता आली," माय म्हणाली.

त्याच्या बायकोनं पळसाच्या पानाच्या द्रोणात पाणी दिलं. भांडं दिलं नाही. मी मायकडे पाहिलं, मायनं माझ्याकडे पाहिलं. मग लेतूबाबाच्या बायकोनं स्वतःही द्रोणातच पाणी घेतलं. तिथली रीतच तशी, की आम्ही आलो म्हणून तशी, हे मला अजून सांगता येत नाही. माय मात्र पाणी पिऊन म्हणाली, "थंड हाय पाणी," आणि लेतूबाबाला विचारलं, "तुमी येता काय वाट दाखवाले?"

"वाट तं सोपी हाय," तो म्हणाला, "पर मी येतो."

झिरा

फेरा उजव्या हातानं घ्यायचा. वाट सुरुवातीला बांबूच्या बेटांमधून जाते. वाऱ्यानं बांबू एकमेकांवर घासले, की दार करकरल्यासारखा आवाज होतो. एका वळणावर मी आधाराला एक वेल धरला आणि खाजकुहिरीच्या शेंगांनी दोन्ही हात पेटले. मी हात झटकत नाचायला लागलो.

"सारं कॉलेज शिकला अन् खाजकुहिरी नाही वळखली," माय म्हणाली. घरातून निघाल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

लेतूबाबानं वाटेवरचं शेण उचलून माझ्या हातांना चोळलं आणि वाळू दिलं. वाळलेलं शेण खरवडून काढल्यावर आग कमी झाली. तसेच हात घेऊन मी झिऱ्यापर्यंत गेलो.

झिरा म्हणजे कातळाच्या फटीतून येणारं पाणी. खाली लहानसं कुंड आहे, स्वच्छ, तळ दिसणारं. दादाच्या वेळी कुपाचा तळ इथंच होता. जळक्या चुलींचे दगड अजून आहेत. सावली गार होती. कोणीही बसावं अशी ती जागा आहे. आम्ही भाकरीचं फडकं सोडलं आणि वास आला. चिंधीचं बूच ढिलं होऊन रॉकेल पाझरलं होतं. वरच्या भाकऱ्या गेल्याच होत्या.

"खाय आता," माय मला म्हणाली, "पोटात दिवा लागन."

खालच्या भाकऱ्या बऱ्या होत्या. मायनं एक भाकरी आणि मिरचीचा ठेचा लेतूबाबापुढे धरला. त्यानं थोडा वेळ भाकरीकडे पाहिलं, मग घेतली आणि खाल्ली. "वास मारते," तो म्हणाला, पण संपवली.

मी कुंडात हात धुतले. माय काठावर बसून ओंजळीनं पाणी पीत होती. ती म्हणाली, "वामन इथचंच पाणी पेत असन."

लेतूबाबा उठून चुलीचा एक दगड पायानं सारू लागला. मायनं पुन्हा विचारलं, "इथंच भरत होते ना तुमी सारे?"

"आमी इथं भरो," तो म्हणाला. "त्याले भरू देत नोते."

"कोन?"

"मुकादम. टोळीत पायथ्याच्या गावचे लोक होते. ते म्हणत, त्यानं कुंड बाटवलं तं आमी काम सोडू. मंग मुकादमानं सांगतलं, तू खालच्या डोहावर भर. डोह खाली हाय, गचपणात. जनावरं तथीच पाणी प्याले येतात. सारे म्हणत, सांजच्याले तथी जाऊ नोको. पर काम सांजलेच सुटे. मंग तो कवा जाईन?"

मायचे हात ओंजळ करून तसेच राहिले. पाणी बोटांतून गळून गेलं.

"तुमी काहून नाही भरून देल्लं त्याले?" मी विचारलं.

लेतूबाबानं माझ्याकडे पाहिलं. "दोन-चार बखत देल्लं. मंग मुकादम मलेच म्हणे, तूही खाली जाय."

घरी बाबांनी दोन वर्षं तोंड का उघडलं नाही, ते मला तिथं समजलं. झिऱ्याचं पाणी तसंच वाहत होतं. त्याचा आवाज फार गोड आहे. जे जातील त्यांना तो आवडेल.

खिंड

झिऱ्यापासून वाट वर चढते, पण हळूहळू. मध्ये मोहाची जुनी झाडं आहेत. खिंडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा धुपाचा वास आला आणि माणसांचे आवाज ऐकू आले.

खिंड अरुंद आहे. एका बाजूला दगडांचा ढीग, कमरेइतका. त्यात वाळलेल्या डहाळ्या खोवलेल्या. या मुलखात वाघानं मारलेला माणूस जिथं सापडतो, त्या जागेवरून जाणारा प्रत्येकजण एक दगड किंवा एक डहाळी टाकतो. ते मला माहीत होतं. पण ढिगाच्या पुढे एक उभा दगड होता. त्याला शेंदराचे इतके थर दिले होते, की त्याला धड आकारच उरला नव्हता. डोळे लावले होते, चांदीचे. वर लाल फडकं, एक घंटा.

तिथं एक बाई आणि तिचा दीर होता. बाईच्या खांद्यावर लेकरू होतं, दीड-दोन वर्षांचं, मान टाकलेलं. दिरानं नारळ फोडला. आम्हाला पाहून त्यानं विचारलं, "कुठचे जी तुमी?"

"मारेगावकडचे," मी म्हणालो.

"कोन?"

"बौद्ध."

त्यानं एकदा मायकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आवाजात राग नव्हता. रस्ता सांगावा तसं तो म्हणाला, "मंग तथूनच हात जोडा. जवळ येऊ नोका. बाबा कडक हाय, त्याले विटाळ चालत नाही."

माय जागच्या जागी थांबली. "काहून कडक हाय?" तिनं विचारलं.

बाईनं उत्तर दिलं. ती भली बाई होती, असं मला आजही वाटतं. "मोठ्या घरचा होता ना, बाई. गाय वाचवाले गेला अन् वाघाच्या तोंडी पडला. तवापासून वाट राखते. कोनाले काही होऊ देत नाही."

लेतूबाबा जमिनीकडे पाहत होता. मी बोलायला तोंड उघडलं. मायनं माझं मनगट इतक्या जोरात धरलं, की नखं रुतली.

"लेकराले काय झालं?" तिनं बाईला विचारलं.

"ताप हाय वो. कवाचा उतरत नाही. खाल्लेलं राहत नाही पोटात."

"डॉक्टरले दाखवलं काय?"

"बाबाचा अंगारा लावला. आता नवस बोलला. उतरन म्हणते."

"दवाखान्यात ने बाई," माय म्हणाली. "माह्यं ऐक. आजच ने. गाडी जुपून ने."

दीर म्हणाला, "इथं दवाखान्याच्या गोष्टी कायले काढता?"

बाईनं खोबऱ्याचा तुकडा आणला आणि मायच्या हातावर वरून टाकला. हाताला हात लागू दिला नाही. मायनं तो मुठीत धरला. ते दोघं आमच्यासमोरून उतरून गेले. लेकराचा एक हात बाईच्या पाठीवर लोंबत होता.

ते दिसेनासे झाल्यावर मी मायला म्हणालो, "काहून थांबवलंस मला? सांगायला पाहिजे होतं."

"तिचं लेकरू आजारी हाय," माय म्हणाली. "तिच्या हाती तेवढंच होतं. तिच्या तोंडावर कसं काढून घेऊ?"

खोबऱ्याचा तुकडा तिनं वाटेच्या कडेला ठेवला. मुंग्या लागल्या. मग ती दगडाजवळ गेली. एवढा वेळ लांब उभी राहिली होती, त्यामुळे असेल, पण पहिला हात लावताना ती अडखळली. नंतर फडकं काढलं, डोळे काढून बाजूला ठेवले आणि बाटलीत उरलेलं रॉकेल चिंधीवर घेऊन घासायला लागली. मीही घासायला लागलो. शेंदूर पापुद्र्यांनी निघत होता. खाजकुहिरीनं सोलवटलेल्या हातांना रॉकेल झोंबत होतं.

"माय," लेतूबाबा म्हणाला, "नोको करू जी. आमाले धरतील. पोडातल्याईनं केलं म्हणतील. आमची ढोरं याच वाटेनं चरतात."

तो खरं बोलत होता. मी थांबलो. आम्ही संध्याकाळच्या एसटीनं निघून जाणार होतो, तो तिथंच राहणार होता. माझ्या हातून चिंधी खाली ठेवली गेली. काय बरोबर, ते मला समजत नव्हतं, आणि पुस्तकं वाचलेली असूनही समजत नव्हतं.

मायनंही हात थांबवला.  मग म्हणाली, "तुमाले कोनी इचारलं तं सांगा, त्याची माय आलती अन् ती पुसून गेली. माहं नाव सांगा, सोना म्हणून. गाव सांगा. अन् तो खालच्या डोहावर कायले गेलता, तेही सांगा."

 लेतूबाबा उठून थोडा लांब जाऊन उभा राहिला. मायनं दगड पूर्ण घासून काढला. आत साधा काळा दगड होता.

"हे कोन ठेवते?" तिनं मागच्या ढिगातल्या डहाळ्यांकडे बोट करून विचारलं.

"येणारा-जाणारा," लेतूबाबा म्हणाला. "आमच्यात म्हणतात, त्याले एकटं वाटू नये. पयली आमीच ठेवली, टोळीनं. शेंदूर मंग गाववाल्याईनं लावला."

मायनं धावड्याची एक डहाळी मोडली आणि ढिगात खोवली. मीही एक खोवली. दीक्षेच्या वेळी आम्ही जे वचन दिलं, त्यात हे बसतं का नाही, याचा मी उतरताना विचार करत होतो. दादानं काय म्हटलं असतं तेही कळत नाही. कदाचित हसला असता.

उतार

उतरण सोपी आहे. वाट रुंद होते, तेंदूची आणि चारोळीची झाडं लागतात, मधूनमधून खाली कपाशीची शेतं पांढरी दिसतात.  पायथ्याशी लेतूबाबा थांबला. मायनं त्याला उरलेला ठेचा दिला. "बाजारात टोपल्या घेऊन येता ना?" ती म्हणाली. "घरी या." फाट्यावर एसटी उशिरा आली. आम्ही रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. मायच्या पदराला रॉकेलचा आणि धुपाचा वास येत होता.

घरी

फेरा तिथं संपला. पण पुढचं सांगितल्याशिवाय लिहिणं पुरं होणार नाही.

सुट्टी संपायच्या आधीच लेतूबाबा टोपल्या घेऊन मारेगावच्या बाजारात आला, आणि खरंच आमच्या अंगणात येऊन बसला. मायनं त्याला घरातल्या पितळी लोट्यातून पाणी दिलं. तो प्यायला. त्याच्या डाव्या डोळ्याखाली सूज होती.

"सांगतलं मी," तो म्हणाला. "त्या दिराले सांगतलं, त्याची माय आलती. कुंडाचंही सांगतलं."

"मंग?"

"त्यानं थापड मारली. म्हणे, देवाले कुठची माय असते? पुन्हा शेंदूर लावला. आता वरून टिनाचं छप्पर टाकून राह्यले."

मी काहीतरी बोललो, रागानं. आता आठवत नाही काय ते. लेतूबाबा टोपलीच्या कडेची कामटी सारखी करत राहिला. मग म्हणाला, "ते लेकरू गेलं."

माय उभी होती ती खाली बसली.

"दवाखान्यात नेलतं काय?" तिनं विचारलं.

"नाही. तुमी शेंदूर पुसला म्हणून बाबा कोपला, असं म्हणून राह्यले."

 मला वाटलं, आता माय रडेल, किंवा आपण गेलोच नसतो तर बरं होतं असं म्हणेल. मीच मनात तसं म्हणत होतो. शेंदरामुळे लेकरू जात नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीही म्हणत होतो.

माय म्हणाली, "त्या बाईचं घर कोनतं?"

लेतूबाबानं सांगितलं. गावाच्या मधल्या आळीत, चिंचेजवळचं.

"माय," मी म्हणालो, "ते तुला दारात उभं राहू देणार नाहीत. मारतीलसुद्धा."

"दारात नाही तं चिंचेखाली बसन," ती म्हणाली. "माहा वामन गेला तवा माह्याजवळ कोनी येऊन बसलं नोतं. मी तिच्याजवळ जाऊन बसन."

बाबा आतून बाहेर आले. त्यांनी मायकडे पाहिलं, मग खुंटीवरचा आपला धुवट रुमाल काढून डोक्याला बांधला.

"मी येतो सोबत," ते म्हणाले. दोन वर्षांत बोदाडीबद्दल त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द.

मी एसटी स्टँडवर जाऊन सकाळच्या गाडीची वेळ विचारून आलो.